मुंग्यांच्या लढायांचे बखरकार

१८१७ चा नोव्हेंबर मराठी राज्याचा निकाल लावून गेला. ५ तारखेला खडकीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. पंधरवडा उलटायच्या आत पुणे इंग्रजांच्या हाती गेले. २६ आणि २७ तारखेला नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य हरले. छत्तीसगड तेव्हा भोसल्यांचे. नावाला ते त्यांच्याकडेच राहिले, पण कारभार इंग्रज अधीक्षक पाहू लागला आणि १८१८ मध्ये अ‍ॅग्न्यू या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून हलवून रायपूरला आणले.

या धामधुमीत खडकी आणि पुणे अशा दोन्ही लढायांत हिंदी शिपायांची पलटण घेऊन उतरलेला सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी होता. नाव विल्यम हेन्री साइक्स. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरलेला, १८०५ चा भरतपूरचा वेढा पाहिलेला. मुलूख ताब्यात आला तेव्हा त्यात आहे तरी काय काय, हे कंपनीला कळायला हवे होते. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साइक्सला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, माणसे, जमिनीची प्रत, वजनेमापे, पिके, हवेचा दाब हे सरकारी काम. पक्षी, मासे आणि किडे ही स्वतःची हौस. याच हौसेतून त्याच्या कागदांत पुण्याच्या मुंग्या आल्या.

आज रायपूरच्या समता कॉलोनीत रात्रीची जेवणे उरकल्यावर एखादे कुटुंब टीव्हीसमोर बसते आणि पडद्यावर मुंग्यांच्या दोन फौजा भिडतात. ढोल वाजतात, जबडे करकरतात, निवेदक गंभीर आवाजात महायुद्धाची घोषणा करतो. शेजारच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. खडकी आणि सीताबर्डीच्या गोष्टी ऐकत वाढलेली मराठी घरे या भागात आजही आहेत. त्यांना पडद्यावरची ही भाषा ओळखीची वाटते, कारण ती बखरीचीच भाषा आहे. रणांगण, आघाडी, पिछाडी, वेढा, लूट. ही भाषा कॅमेऱ्याने शोधलेली नाही. त्याआधी शंभर-दीडशे वर्षे ती घडत होती, आणि तिचा बराच भाग पुण्यात, कारवारात आणि मुंबईत घडला. ती घडवणारे लोक पेशाने किडेतज्ज्ञ नव्हते. त्यांत एक शिपाई होता, एक मिठागरांवरचा अंमलदार आणि एक जंगल अधिकारी. मुंग्यांकडे पाहायला बसलेल्या प्रत्येकाला त्यांच्यात आपापला पेशा दिसला.

कवायतीच्या मैदानाजवळचे धान्य

१९ जून १८२९. पुण्यात पाऊस नुकता सुरू झाला होता. सकाळच्या फेरफटक्यात साइक्सला कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. विसाहून अधिक ढीग, प्रत्येकात मूठभर बी. तो वाकून पाहू लागला तर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून एकेक दाणा वर आणत होत्या. पहिल्या पावसाने साठा भिजला असावा आणि पहिले ऊन पडताच मुंग्यांनी तो वाळत घातला असावा, असे त्याने अनुमान काढले. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची वादळे झाली. १३ ऑक्टोबरला पुन्हा तेच दृश्य, या वेळी एक ढीग आणखी मोठा.

पावसाळ्यातल्या एखाद्या उघडिपीला घराघरांतून पापड-कुरडया आणि धान्य उन्हात येते, त्या मुलुखात हे पाहून कुणाला नवल वाटले नसते. युरोपात मात्र यावर जुना वाद चालू होता. बायबलातल्या सॉलोमन राजाने मुंगीला साठा करणारी म्हटले होते, ग्रीक आणि रोमन लेखकांनीही. पण इंग्लंड-स्वित्झर्लंडच्या थंड हवेतल्या मुंग्या धान्य साठवताना कुणाला दिसल्या नाहीत. तेव्हा तिकडच्या अभ्यासकांनी ठरवून टाकले की जुन्या लोकांनी मुंग्यांचे कोष पाहिले आणि त्यांनाच दाणे समजले. पुण्याच्या दोन सकाळींनी हे मत डळमळीत केले. साइक्सचा लेख १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात छापला गेला आणि त्या मुंगीला त्याने 'प्रोव्हिडन्स', म्हणजे दूरदर्शी, असे जातिनाम दिले. आजही ती 'फिडोले प्रोव्हिडन्स' आहे. मोग्रिज या इंग्रजाने फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर धान्य साठवणाऱ्या मुंग्यांची कोठारे खणून पाहिली आणि १८७३ मध्ये पुस्तक लिहून वाद मिटवला. त्याला पुण्याच्या नोंदीचा आधार होता.

या नोंदीत लढाई नाही. आकडेवारीच्या कामावर नेमलेल्या माणसाला मुंग्यांत कोठार, साठा आणि पावसाळ्याची तारीख दिसली. पण साइक्समधला शिपाई त्याच लेखात दुसऱ्या ठिकाणी जागा झाला.

त्याच्या पुण्याच्या बंगल्यात व्हरांड्यातल्या एका टेबलावर फळे, केक आणि मिठाया झाकून ठेवलेल्या असत. मोठे काळे मुंगळे त्यांवर तुटून पडत. साइक्सने टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. पाण्याची पट्टी अरुंद होती तोवर मुंगळे ती ओलांडत. रुंद केली तर कित्येक सरळ पाण्यात उतरत, आणि त्यांतले काही पलीकडे पोचत. मग पायांना टर्पेंटाइनचा पट्टा मारला. काही दिवस शांतता होती. नंतर मिठाईवर पुन्हा मुंगळे. ते येतात कुठून हे कळेना, कारण टेबल भिंतीला लागलेले नव्हते. एक दिवस त्याला भिंतीवर, मिठाईच्या फूटभर वर एक मुंगळा दिसला. त्याने भिंत सोडली. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तो जमिनीवर पडायला हवा होता, तो टेबलावर पडला. त्याच्यामागून दुसरे, तिसरे. तटबंदीचा खंदक आणि मोर्चे ठाऊक असलेल्या साइक्सने ही हकिकत लिहिली ती वेढ्याच्या खलित्यासारखी: आपली तटबंदी, शत्रूचा डाव, मग नवी तटबंदी आणि शत्रूचा नवा डाव. या मुंगळ्यांना त्याने 'इंडेफेसा', म्हणजे न थकणारे, असे नाव ठेवले. चार्ल्स डार्विनचा मित्र रोमानेस याने १८८२ मध्ये प्राण्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिले, त्यात पुण्याचे हे टेबल मुंगीच्या अकलेचा पुरावा म्हणून आले. माणूस विरुद्ध मुंगी या नाट्यप्रकाराचा पहिला अंक असा मिठाईवरून रंगला होता.

सरहद्दीवरच्या टोळ्या

साइक्स १८३१ मध्ये मायदेशी गेला. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. दख्खनच्या मुंग्यांना पुढचे लक्षवेधी बखरकार मिळायला पन्नास वर्षे जावी लागली.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. तिसरे लक्षात ठेवण्याजोगे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेनचे. हा १८५१ मध्ये साताऱ्यात एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी जन्मला, मुंबई-पुण्यात शिकला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने लॅटिन शिकवले आणि १८७६ पासून मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी केली. कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द, कारवार अशा त्याच्या बदल्या झाल्या. 'ईहा' या टोपणनावाने तो लिहीत असे.

सोसायटी निघाली त्याच वर्षी त्याचे 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटिअर' हे पुस्तक आले. दुसरे अफगाण युद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. वर्तमानपत्रांत सरहद्दीवरच्या टोळ्यांची चर्चा रोज. एटकेनने ती भाषा जशीच्या तशी उचलली आणि बंगल्यातल्या उंदीर, पाली, डास, कावळे आणि मुंग्यांना लावली. सरहद्द म्हणजे आपल्या घराचा उंबरा, टोळ्या म्हणजे त्यावरून धाड घालणारे हे जीव. वाचक हसत होते, कारण साम्राज्याचा सगळा रुबाब एका साखरेच्या भांड्यापाशी येऊन थांबत होता. ज्याची नोकरीच मिठाची चोरटी वाहतूक रोखण्याची आणि हद्दीवर पहारे बसवण्याची, त्याला मुंगीत हद्द आणि धाड दिसली यात नवल नाही.

पण एटकेन नुसता विनोदी लेखक नव्हता. १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने लाल मुंग्यांच्या घरट्यांवर टिपण लिहिले. आंबा, काजू, फणसाच्या झाडांवर हिरवी पाने एकत्र शिवून घर करणाऱ्या या मुंग्यांना कोकणात हुमले म्हणतात. पानांच्या कडा जवळ ओढायला त्या एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात. कडा जुळल्या की काही जणी आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि विणकराच्या हातातल्या धोट्यासारख्या या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणारे रेशीम पाने सांधते. शिवलेले घर, त्यात पांढरी पिल्ले, बाहेर पहारा. झाडाला हात लागला की पहारा चावतो आणि चाव्यावर आम्ल सोडतो.

छत्तीसगडमध्ये हीच मुंगी माटा. बस्तरच्या आठवडी बाजारात तिची अंडी-पिल्ले आणि मुंग्या पानांच्या द्रोणांतून विकल्या जातात. मिरची, मीठ घालून वाटलेली ही आंबट-तिखट चटणी म्हणजे चापडा. ओडिशातल्या मयूरभंजच्या याच प्रकारच्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चीनमध्ये इ. स. ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात संत्र्याच्या बागांत किडे मारण्यासाठी ही मुंगी घरट्यासह विकली जात असल्याची नोंद आहे. तिथे ती बागेची राखणदार ठरली, बस्तरमध्ये तोंडी लावणे आणि एटकेनच्या खात्यात शत्रू.

हुमल्यांच्या लढाया खऱ्या असतात. एका वसाहतीत लाखो मुंग्या, तिचा पसारा अनेक झाडांवर. दोन वसाहतींच्या फांद्या जिथे भिडतात तिथे मुंग्या एकमेकींचे पाय ताणून धरतात आणि तिसरी येऊन कंबर तोडते. आफ्रिकेतल्या त्यांच्या जातभाईंवरचे संशोधन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या हल्ल्याची रचना उलगडली. डोक्यातल्या ग्रंथींतून एकामागून एक वास सुटतात: एक लगेच पसरून सावध करतो, दुसरा जवळ ओढतो, मागे रेंगाळणारे चावायला लावतात. हुकूम सोडणारा कुणी नाही; हवेत विरणाऱ्या वासांच्या कमीजास्त वेगातूनच हल्ल्याचा क्रम ठरतो. १९८३ मध्ये बर्ट होल्डॉब्लरने ऑस्ट्रेलियातल्या हुमल्यांबद्दल आणखी एक गोष्ट मांडली. हद्दीवर वेगळी चौक्यांची घरटी असतात आणि त्यांत राहतात त्या म्हाताऱ्या कामकरी मुंग्या. आयुष्याची कामे उरकली, आता मेल्या तरी वसाहतीचे फार नुकसान नाही, अशा वयाच्या. माणसे तरण्याताठ्यांना आघाडीवर पाठवतात. मुंग्यांचा हिशेब उलटा.

जंगल खात्याची फौज

एटकेनच्याच पिढीतला रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा मुंबई इलाख्यातला जंगल अधिकारी, पुढे देशाच्या जंगल खात्याचा प्रमुख झाला. पुण्याच्या परिसरात आणि दौऱ्यांवर त्याने मुंग्या जमवल्या आणि झुरिकच्या बुर्गहोल्त्सली मनोरुग्णालयाचा संचालक ऑग्युस्त फोरेल याला पाठवल्या. फोरेल मानसोपचारतज्ज्ञ, पण मुंग्यांतला जगातला मोठा अधिकारी. तरुणपणी त्याने स्वित्झर्लंडच्या मुंग्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता, त्यात लढायांची वर्णने भरपूर. पुढे स्विस राष्ट्रीय बँकेने १,००० फ्रँकच्या नोटेवर त्याचे चित्र छापले, मागे मुंग्या.

या देवाणघेवाणीतून १८९० मध्ये एक जुने कोडे सुटले. १८४० मध्ये शुकार्ड या इंग्रजाने 'एनिक्टस' नावाची प्रजाती पंखवाल्या नरांवरून लिहिली होती. १८५७ मध्ये फ्रेडरिक स्मिथने 'टिफ्लाटा' लिहिली, ती आंधळ्या, बिनपंखांच्या कामकरी मुंग्यांवरून. एकीच्या कामकरी मुंग्या सापडत नव्हत्या, दुसरीचे नर. दोन्ही एकच आहेत हे रॉटनने दाखवले. फोरेलने आपल्या लेखाच्या मथळ्यातच हा श्री. रॉटन यांचा शोध असल्याचे जाहीर केले.

ही एनिक्टस म्हणजे आपल्याकडची खरी लष्करी मुंगी. डोळे नाहीत, कायमचे वारूळ नाही. हजारो इवल्या मुंग्या रांगेने निघतात आणि बहुधा दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळात घुसतात. त्यांना हवी असतात अळ्या आणि कोष. प्रौढ मुंग्या पळाल्या तर पळू देतात. वारूळ लुटून झाले की तळ हलतो, राणी आणि पिल्लांसकट.

१८९२ मध्ये रॉटनने सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स' ही दीर्घ लेखमाला लिहिली. नावातच आपलेपणा होता. सामान्य वाचकाने मुंग्या पाहाव्यात, नोंदी पाठवाव्यात असा तिचा उद्देश. त्याच वर्षापासून फोरेलची भारत आणि श्रीलंकेच्या मुंग्यांवरची फ्रेंच लेखमाला त्याच नियतकालिकात सुरू झाली. १९०३ मध्ये बिंगहॅमने ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेच्या मालिकेत मुंग्यांचा खंड लिहिला, तेव्हा या साऱ्या टिपणांचा त्याला उपयोग झाला. मुक्काम हलवणे, रांगा, धाडी, वाळवीवर तुटून पडणाऱ्या काळ्या मुंग्यांचे स्तंभ: जंगलात तंबू घेऊन हिंडणाऱ्या अधिकाऱ्याला मुंग्यांतली कूच चटकन दिसत होती. मुंग्यांच्या युद्धाचा पोशाख असा कापून, बेतून तयार झाला. पडद्याला तो नुसता अंगावर चढवायचा होता.

मेलेल्या किड्यांचे द्वंद्व

चित्रपटातली किड्यांची पहिली गाजलेली लढाई मेलेल्या किड्यांनी लढली. लिथुआनियातल्या काउनासच्या संग्रहालयात काम करणारा व्लादिस्लाव स्तारेविच १९१० मध्ये सांबरशिंगी भुंग्यांची झुंज टिपायला बसला. भुंगे रात्री लढत, आणि दिवे लावले की स्वस्थ पडत. शेवटी त्याने मेलेले भुंगे घेतले, पायांना तारा बसवल्या आणि एकेक चौकट हलवून झुंज उभी केली. पुढच्या चित्रपटांत त्याने किड्यांना प्रेम, मत्सर आणि वेढे दिले. पाहणाऱ्यांपैकी काहींना किडे शिकवून तयार केले आहेत असे वाटले.

१९७१ च्या 'द हेलस्ट्रॉम क्रॉनिकल' या अमेरिकी चित्रपटात किडे खरे होते, पण माणूस बनावट. माणसाचा शेवट किड्यांच्या हातून होईल असे ठासून सांगणारा शास्त्रज्ञ डॉ. हेलस्ट्रॉम हे पात्र एका नटाने वठवले होते. त्या चित्रपटाला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

रायपूरला दूरचित्रवाणी आली ती वेगळ्या वाटेने. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या उपग्रह प्रयोगात, ज्याला सगळे 'साइट' म्हणत, सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत संच आणि तारेच्या जाळीच्या तबकड्या बसवल्या होत्या. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली खेडी रायपूर भागातली होती. शेती, आरोग्य, शाळकरी मुलांसाठी विज्ञान असा कार्यक्रमांचा रोख. रणवाद्ये वाजवणारे निसर्गपट मागाहून आले: डिस्कव्हरी वाहिनी १९९५ मध्ये भारतात आली आणि काही वर्षांतच हिंदीत बोलू लागली. पुण्याच्या व्हरांड्यातला वेढा इंग्लंड-अमेरिकेला वळसा घालून हिंदी निवेदनातून छत्तीसगडच्या घरांत परतला.

या पटांनी दाखवलेले बरेचसे खरे आहे. जपानी गांधीलमाश्या मधमाश्यांच्या पोळ्यावर येतात तेव्हा शेकडो मधमाश्या एका गांधीलमाशीभोवती गोळा करतात, अंगाचे स्नायू थरथरवून आतले तापमान ४७ अंशांच्या आसपास नेतात आणि तिला भाजून मारतात. जपानी संशोधकांनी हे १९९५ मध्ये मोजून दाखवले. आपली सातेरी मधमाशीही हा डाव खेळते. आग्या मोहोळावर गांधीलमाशी आली की पोळ्याच्या पृष्ठभागावरच्या माश्या एकामागून एक पोटे उचलतात आणि सबंध पोळ्यावरून लाट सरकते. ही लाट पाहायला कुणाला निवेदक लागत नाही.

मुंगीच्या पायांचा आवाज, जबड्यांचा करकराट हा मात्र ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भरला जातो. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. साइक्सला धान्याचे दुसरे वाळवण पाहायला जवळजवळ चार महिने लागले. पडद्यावर तो अवधी चाळीस सेकंदांचा होतो, आणि उरते ती भिडंत. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या मधुकुंभ मुंग्यांच्या वसाहती हद्दीवर येतात तेव्हा बहुतेकदा लढत नाहीत. पाय ताणून उंच होतात, एकमेकींभोवती फिरतात, जणू शिरगणती करतात, आणि कमी भरलेली बाजू मागे सरते. अशा टळलेल्या लढाईला पार्श्वसंगीत कोणते द्यायचे?

संख्येचा हा प्रश्न लढाईच्या शास्त्रातही आहे. इंग्रज अभियंता लँचेस्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, माणसांच्या लढाईचे गणित मांडले: उघड्या मैदानात अनेकांनी एकाला घेरता येत असेल तर संख्येचे वजन तिच्या वर्गाने वाढते, चिंचोळ्या जागी एकास एक लढावे लागले तर शिपायाची ताकद मोलाची ठरते. १९९३ मध्ये फ्रँक्स आणि पार्ट्रिज यांनी हे गणित मुंग्यांना लावून पाहिले. लष्करी मुंग्या मोठ्या संख्येने उघड्यावर घेरतात आणि गुलाम धरणाऱ्या मुंग्या थोड्या असूनही अंगबळावर जिंकतात, याचा अर्थ त्यातून लागू लागला. खडकीला लढलेला आणि नंतर लंडनच्या सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष झालेला साइक्स हे वाचून खूश झाला असता.

जी लढाई कुणी पाहिली नाही

पुण्याच्या मुंग्यांची सर्वात भीषण लढाई मात्र या सगळ्या बखरकारांच्या हातून निसटली, आणि ती रॉटनच्याच मुंगीत होती.

१८९० च्या त्याच लेखात फोरेलने रॉटनने पाठवलेल्या एका इवल्या मुंगीला 'रॉटनी' हे जातिनाम दिले. ती आज 'कार्डिओकोंडायला रॉटनी' म्हणून ओळखली जाते. दोन मिलिमीटरच्या आसपासचे अंग, वाळकी पाने किंवा पोकळ काडीत घर, वसाहत डझना-दोन डझनांची. रांग नाही, कूच नाही, वारूळ नाही. पाहायला बसावे असे काहीच नाही. या कुळातले काही नर बिनपंखांचे, दिसायला कामकरी मुंगीसारखे. शास्त्रज्ञांनी त्यांची विचित्र घडण टिपली आणि ते पुढे सरकले.

१९८७ मध्ये किनोमुरा आणि यामाउची या जपानी संशोधकांनी याच जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंग्या घरट्यात सलग न्याहाळल्या. बिनपंखी नराचे जबडे विळ्यासारखे असतात. कोषातून नुकता बाहेर पडलेला, अंग अजून मऊ असलेला दुसरा नर सापडला की तो त्याला धरून भोसकतो. घरट्यातल्या सगळ्या राजकन्यांशी मीलन आपलेच व्हावे म्हणून. १९९२ मध्ये यामाउची आणि कावासे यांनी आणखी एक डाव दाखवला. प्रतिस्पर्धी टणक झालेला असेल तर नर त्याला धरून आपल्या पोटातला स्राव त्याच्या अंगावर माखतो. मग त्या वासाने बिथरलेल्या कामकरी मुंग्याच त्याचे तुकडे करतात. एकाच वसाहतीतले भाऊबंद, एकाच काडीतले घर, आणि खून करवून घेण्याची पद्धत अशी की हात दुसऱ्याचे रंगतात. मराठी इतिहासाच्या वाचकाला भाऊबंदकीचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको.

या मुंगीला नाव मिळाले त्यानंतर सत्त्याण्णव वर्षांनी तिच्या घरातली ही कत्तल नीट पाहिली गेली. फोरेल मनोरुग्णांचा डॉक्टर होता, रॉटन चिकाटीचा निरीक्षक, दोघांचीही नजर अधू नव्हती. पण त्यांच्या काळाने मुंग्यांत पाहायचे काय हे आधी ठरवले होते: कूच, धाड, तळ, सरहद्द. फौज दिसत होती म्हणून फौजेची बखर झाली. काडीत दडलेला भाऊहत्येचा खटला त्या बखरीत बसत नव्हता, म्हणून कुणी काडी फोडून तासन्‌तास पाहिली नाही.

आज भारतात मुंग्यांकडे पाहणाऱ्यांची पिढी बदलली आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत सुमना अन्नागिरी आणि त्यांचे सहकारी घर बदलणाऱ्या डायाकामा मुंग्यांवर काम करतात. शेजारच्या वसाहतीतून पिल्ले पळवण्याचा प्रकार त्यांनी नोंदवला आहे. तो त्यांनी चोरी म्हणून मोजला: चोर किती, पकडले किती, पिल्ले किती गेली. युद्ध म्हणण्याची घाई केली नाही. समता कॉलोनीतल्या एखाद्या अंगणात आंबा असेल आणि त्यावर माट्यांचे घर, तर तेवढे काम घरबसल्याही होते. फांदी कुठे भिडते, तिथे रोज किती मुंग्या असतात, त्या लढतात की नुसत्या उभ्या राहतात, हे वहीत लिहायला परवाना लागत नाही. साइक्सकडेही दोन तारखा, ढिगांची संख्या आणि वाकून पाहण्याची तयारी एवढेच होते. पुण्याच्या मुंग्यांबद्दल त्याने लिहिलेल्या मजकुरात टेबलाचा वेढा लोकांनी जास्त सांगितला, पण शास्त्राच्या उपयोगी पडले ते धान्य.